तालुक्याचें महाविद्यालय, तेथील संधि आणि शेतकऱ्याच्या घरचे कागद

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं ज्यांचीं मुलें दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्याकरितां मुख्यतः हा लेख लिहिला आहे. पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या विद्यालयांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांचीं मुलें जातात तीं तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांत, सकाळच्या एस. टी. नें जाऊन दुपारच्या गाडीनें परत येणारीं. अशा महाविद्यालयांत वर्षभर काय चालतें, मुलामुलींना तेथें पदवीखेरीज कोणत्या संधि असतात, आणि त्या हातच्या जाण्याचें कारण पुष्कळदां आपल्याच घरच्या कागदांत कसें दडलेलें असतें, हें येथें सांगावयाचें आहे. प्रस्तुत लेखकाचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला असल्यामुळें दाखल्यांचा भाग थोडा लांबला आहे. तो कंटाळवाणा वाटला तरी वाचकांनीं टाळूं नये, अशी विनंती आहे.

लोकवस्तीच्या जवळचें, कमी खर्चाचें, दोन वर्षांचें महाविद्यालय ही कल्पना अमेरिकेंत जुनी आहे. तेथें त्यास कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं असें पहिलें महाविद्यालय निघालें, तेव्हां तेथें अवघे सहा विद्यार्थी होते. तेथें दोन वर्षें शिकून विद्यार्थी धंद्यास लागतो, किंवा मोठ्या विद्यापीठांत जाऊन उरलेलीं दोन वर्षें पुरीं करतो. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळानें अशा महाविद्यालयांचा पुरस्कार केला आणि हें नांव त्या देशांत रूढ झालें. योगायोग असा कीं, त्याच १९४७ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं सातारा येथें छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून वसतिगृहांतून त्यांनीं जो परिपाठ चालविला होता, म्हणजे विद्यार्थ्यानें अंगमेहनत करावी व तिच्यावर शिकावें, तोच त्यांनीं कॉलेजांत नेला. पुढें १२ व्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत विद्यापीठ अनुदान आयोगानें कम्युनिटी कॉलेज या नांवाचीच एक योजना आपल्या देशांत काढली आणि कांहीं महाविद्यालयांतून धंदेशिक्षणाचे लहान अभ्यासक्रम सुरू झाले. नांव कोणतेंहि असो. आपल्या तालुक्याचें महाविद्यालय हेंच आपलें लोकांचें महाविद्यालय आहे, व तेथें काय मिळतें हें पाहणें आपल्या हिताचें आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें एक मोठा फरक झाला आहे. पूर्वीं पदवीच्या तीन वर्षांपैकीं एक वर्ष करून मुलगा घरीं बसला कीं तें वर्ष मातींत जाई. वडील अंथरुणास खिळले, पाऊस गेला, विहीर आटली, असें कांहीं घडलें कीं थोरल्या मुलास औतामागें यावेंच लागतें, हें शहरांतल्या लोकांना सांगून समजत नाहीं. नव्या रचनेंत पहिलें वर्ष ठरलेल्या श्रेयांकांसह पुरें करणारास प्रमाणपत्र, दुसरें पुरें करणारास पदविका व तिसरें पुरें करणारास पदवी मिळण्याची सोय आहे. मात्र मध्येंच बाहेर पडणारानें उन्हाळ्याच्या सुटींत चार श्रेयांकांचा एक धंदेशिक्षणाचा अभ्यासक्रम अथवा तसेंच प्रत्यक्ष काम पुरें करावें लागतें, ही अट पुष्कळांस ठाऊक नसते. त्यामुळें नुसती परीक्षा देऊन घरीं आलेल्या मुलास प्रमाणपत्र मिळत नाहीं. बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आंत परत येतां येतें, व एकंदर सात वर्षांच्या आंत पदवी पुरी करावी लागते. मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहतात; त्यासाठींच्या खात्याचा क्रमांक मुलानें घरांत लिहून ठेवावा. ज्यास शेती सोडणें मुळींच शक्य नाहीं त्याच्याकरितां नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याचीं अभ्यासकेंद्रें अनेक तालुक्यांच्या महाविद्यालयांतच असतात, व शेतीविषयक अभ्यासक्रमहि तेथें आहेत.

आतां महाविद्यालयाच्या आंत वळूं. दरवाज्यापाशीं किंवा कार्यालयाबाहेर एक सूचनाफलक असतो. हल्लीं त्यावरील मजकूर मुलांच्या भ्रमणध्वनीवरहि येतो, पण शंभर निरोपांच्या गर्दींत तो बुडून जातो. लासलगांवचा कांद्याचा भाव आपण रोज सकाळीं रुपयापर्यंत बिनचूक सांगूं शकतों. परंतु मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, हें विचारलें तर दहांपैकीं नऊ घरांत एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें जातें. म्हणून पालकानें महिन्यांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं का होईना, त्या फलकासमोर पांच मिनिटें उभें राहावें. बी-बियाणाच्या दुकानांत तेवढा वेळ आपण सहज घालवितों.

त्या फलकावर काय असतें? पावसाळ्याच्या आरंभीं राष्ट्रीय सेवा योजनेंत नांवें नोंदविण्याची सूचना येते. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य व एखाद्या खेड्यांत सात दिवसांचें शिबिर, असें तिचें स्वरूप आहे. बंधारे घालणें, झाडें लावणें हीं कामें आपल्या मुलांना नवीं नाहींत. पण परक्या गांवीं जाऊन चारचौघांत बोलण्याची संवय तेथें होते, ती घरच्या बांधावर होत नाहीं.

त्याच सुमारास राष्ट्रीय छात्रसेनेचीहि निवड होते. पुष्कळ पालक तिला नुसती कवाईत समजतात, तसें नाहीं. तीन वर्षें टिकून ‘सी’ प्रमाणपत्र ठरलेल्या श्रेणीनें मिळविलें आणि पदवीस निदान पन्नास टक्के गुण असले, तर सैन्यांत अधिकारी होण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे, व त्यांत लेखी परीक्षा द्यावी लागत नाहीं. एकदम निवडमंडळासमोर मुलाखत होते. आपल्या गांवांतून शिपाई पुष्कळ गेले, अधिकारी फार थोडे. त्याचें एक कारण, हा रस्ता कोणी दाखविला नाहीं, हेंहि आहे.

दिवाळीच्या मागेंपुढें ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेची सूचना लागते. राज्यपालांच्या, म्हणजे विद्यापीठांच्या कुलपतींच्या प्रेरणेनें निघालेली ही स्पर्धा महाविद्यालयापासून राज्यापर्यंत जाते, आणि तिच्यांत शेती व पशुसंवर्धन असा एक स्वतंत्र विभाग आहे. शेतकऱ्याच्या मुलाला इतर विभागांत जें शहरी मुलांपुढें अवघड जाईल, तें येथें सोपें आहे. एकाच वाफ्यांत दोन प्रकारें लावलेल्या कांद्याचें वजन, शेणखत घातलेल्या व न घातलेल्या सऱ्यांतील ओल, गाईच्या खाण्यांत बदल केल्यावर दुधांतील फरक, असें साधें पण नीट मोजलेलें आणि लिहून ठेवलेलें काम पुरें आहे. मोजणें व लिहिणें हेंच मुख्य. आपल्या शेतांत प्रयोग रोज होतात, टिपण मात्र कोणी ठेवीत नाहीं.

कमवा आणि शिका ही योजना अनेक महाविद्यालयांत आहे. पुणें विद्यापीठानें तर तिला कर्मवीरांचेंच नांव दिलें आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय अशा ठिकाणीं दिवसाचे कांहीं तास काम करून विद्यार्थ्यास तासाच्या हिशेबानें मोबदला मिळतो. जागा मोजक्या असतात व त्या सत्राच्या आरंभींच भरतात. येथें एक गोष्ट स्पष्ट बोलतों. चांगल्या खात्यापित्या घरांतील मुलास झाडू हातांत घेण्याची लाज वाटते व आईबापांस त्याहून अधिक वाटते. आणि मग शहरांत खोलीचें भाडें भरण्यासाठीं तेच आईबाप सोसायटीचें कर्ज काढतात.

ज्यांना पदवीनंतर वा पदविकेनंतर लगेच कामास लागावयाचें आहे त्यांच्यासाठीं १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं कारखान्यांतून व कचेऱ्यांतून उमेदवारी करतां येते व त्या काळांत विद्यावेतन मिळतें. नोकरीचे मेळावेहि भरतात. त्यांविषयीं मत एवढेंच कीं, तेथें मुलानें जावें, बोलावें, पण कोणी अगोदर पैसे भरावयास सांगितले तर तेथून उठून यावें.

आतां खर्चाकडे व दाखल्यांकडे येतों.

राज्य सरकारच्या फीमाफीच्या व शिष्यवृत्तीच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी नांवाच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. खुल्या प्रवर्गांतील ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपेक्षां अधिक नाहीं, त्यांच्या मुलांना राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेंत ठरलेल्या अभ्यासक्रमांची अर्धी फी मिळते. मुलींसाठीं २०२४-२५ या वर्षापासून अधिक मोठी सवलत आली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी संपूर्ण माफ आहे. परंतु हा प्रवेश सरकारच्या केंद्रीय पद्धतीनें झालेला असला पाहिजे. घाईघाईनें व्यवस्थापनाच्या कोट्यांतील किंवा संस्थेच्या पातळीवरील जागा घेतली तर ही माफी मिळत नाहीं. ‘जागा हातची जाईल’ म्हणून कोणी दलाल घाबरवूं लागला, तर आधीं हा नियम त्यास विचारावा.

आणखी एक योजना खास आपल्याकरितां आहे. जे केंद्रांत कृषिमंत्री होते त्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा हा वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारक शेतकऱ्याचें अथवा नोंदणी झालेल्या मजुराचें मूल व्यावसायिक शिक्षणासाठीं घराबाहेर राहत असेल, तर त्याच्या राहण्याजेवण्याकरितां हा भत्ता आहे. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला. एक हेक्टरपर्यंत असलेल्यास अत्यल्पभूधारक म्हणतात. हें सिद्ध करण्यास तहसीलदाराचा दाखला लागतो, आणि घोडें पेंड खातें तें येथेंच.

एका गांवीं असें घडलें. आजोबा वारले, त्यांच्यामागें मुलगाहि वारला, तरी सात-बारावर नांव आजोबांचेंच राहिलें. नातवाला दूरच्या गांवीं पदविकेस प्रवेश मिळाला. आई दाखल्यासाठीं आली तेव्हां तिच्या किंवा मुलाच्या नांवें एक गुंठाहि कागदावर नव्हता. वारसाची वर्दी दिली, तर चुलत्यानें हरकत घेतली आणि नोंद तक्रारी रजिस्टरांत गेली. नोंद मंजूर होईपर्यंत भत्त्याची मुदत टळून गेली. बाईनें दुभती म्हैस विकून पहिलें वर्ष निभावलें. दुसऱ्या वर्षीं दाखला मिळाला, भत्ताहि मिळाला; म्हैस मात्र परत आली नाहीं.

कायदा असा आहे कीं, वारसानें अथवा खरेदीनें जमीन मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत हें कलम १४९ आहे. वर्दीनंतर फेरफार लिहिला जातो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, हरकतीसाठीं पंधरा दिवस असतात, व हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. म्हणजे निर्वेध काम महिन्याभरांत उरकतें. हेंच काम प्रवेशाच्या धांदलींत, भाऊबंदांची मनें बिघडलेलीं असतांना काढलें, तर वर्ष लागतें. मयताचा दाखला घेतला कीं त्याच आठवड्यांत वर्दी द्यावी. तेराव्यानंतर बोलूं म्हटलेलें काम तेरा वर्षें राहिलेलें पाहिलें आहे.

दुसरी अडचण ए. कु. मॅ. या तीन अक्षरांची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचें एकट्याचें नांव जुन्या काळीं लागलें व तसेंच चालत आलें. घरांत तिघे भाऊ वेगळे होऊन पंचवीस वर्षें झालीं, चुली वेगळ्या, गोठे वेगळे. कागदावर मात्र सगळी जमीन एकाची. धाकट्याच्या मुलास दाखला मिळत नाहीं कारण त्याच्याजवळ जमीन नाहीं, आणि थोरल्याच्या मुलास मिळत नाहीं कारण त्याची जमीन फार आहे. ही नोंद कमी करून सर्व सहहिस्सेदारांचीं नांवें लावण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करतां येतो. सर्वांची संमति असेल तर कलम ८५ प्रमाणें वाटपहि करून घेतां येतें. एकत्र खातें असल्यास आठ-अ च्या उताऱ्यावर कोणाचा हिस्सा किती, हें स्पष्ट दिसलें पाहिजे.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयीं एवढेंच कीं, तो ३१ मार्चच्या हिशेबानें चालतो. फेब्रुवारींत काढलेला दाखला जूनमध्यें जुना ठरण्याचा संभव असतो. एप्रिल उजाडतांच तलाठ्याचा अहवाल घेऊन अर्ज टाकावा. जूनमध्यें सेवा केंद्रावर गर्दी उसळते व यंत्रणाहि मंद होते.

इतर मागास वर्गांतील आपले पुष्कळ बांधव ‘माझें उसाचें उत्पन्न जास्त आहे, मला नॉन-क्रीमिलेयर मिळणार नाहीं’ असें समजून अर्जच करीत नाहींत. केंद्र सरकारच्या १९९३ च्या आदेशाप्रमाणें उत्पन्नाच्या कसोटींत शेतीचें व पगाराचें उत्पन्न मिळवावयाचें नसतें. आठ लाखांची मर्यादा, जी २०१७ पासून आहे, ती इतर मार्गांच्या उत्पन्नाला आहे. जमिनीची कसोटी वेगळी आहे, ती अशी कीं ओलिताची जमीन कमाल धारणेच्या ८५ टक्के किंवा अधिक असतां कामा नये. एवढी जमीन आपल्यापैकीं किती जणांकडे उरली आहे, हें ज्याचें त्यानें पाहावें. उलट, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या संस्थांसाठीं काढावयाचा असेल, तर तेथें पांच एकर शेतजमीन झाली कीं दाखला मिळत नाहीं, उत्पन्न कितीहि कमी असो. हे दोन नियम एकमेकांत मिसळून लोक घोटाळ्यांत पडतात.

जातीच्या दाखल्यास जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींकरितां १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरितां ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांकरितां २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाकरितां १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वींचें राज्यांतील वास्तव्य दाखवावें लागतें. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसला म्हणून निराश होऊं नये. गांव नमुना चौदा, म्हणजे ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतों, त्यांत जन्म व मृत्यु लिहितांना जात लिहीत असत. हीं बुकें तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत मिळतात. त्यांतील पुष्कळशीं मोडींत आहेत. मोडी वाचणारे थोडे राहिले असले तरी आहेत. आणि नक्कल मागतांना गांव, अंदाजाचें साल व मयताचें किंवा जन्मलेल्याचें नातें सांगितलें तर शोध लवकर लागतो. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें जात पडताळणीचा अर्ज महाविद्यालयामार्फत त्याच वर्षीं करावा, निकालानंतर नव्हे.

नांवांतील फरक ही किरकोळ दिसणारी पण छळणारी बाब आहे. सात-बारावर ‘दगडू’, आधारवर ‘दगडूराव’, मुलाच्या दाखल्यावर ‘दगडोबा’. आईचें नांव एका ठिकाणीं माहेरचें, दुसऱ्या ठिकाणीं सासरचें. मुलगा दहावीस बसण्यापूर्वीं शाळेंतील नोंद दुरुस्त करणें सोपें असतें. मंडळाचें प्रमाणपत्र हातीं आल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

मुलींच्या बाबतींत पुष्कळ घरांत फीपेक्षां जाण्यायेण्याची चिंता मोठी असते. बारावीपर्यंतच्या ग्रामीण भागांतील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेंत एस. टी. चा पास मोफत आहे, व मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांस एस. टी. चें अर्धें तिकीट आहे. गाडीची वेळ महाविद्यालयाच्या वेळेशीं जुळत नसेल, तर चार गांवच्या पालकांनीं मिळून आगारप्रमुखास लेखी अर्ज द्यावा व ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. तोंडी सांगितलेलें कोणाच्याहि ध्यानांत राहत नाहीं. गाडी नाहीं एवढ्याच कारणावरून बारावीनंतर घरीं बसविलेल्या मुली ज्या गांवांत आहेत, तेथें हा अर्ज आधीं व्हावा.

कचेरींत अर्ज दिल्यावर पावती घेतल्याशिवाय हलूं नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणें प्रत्येक दाखल्यास दिवसांची मुदत ठरलेली असते व ती कचेरींत फलकावर लावलेली असावी लागते. मुदत टळल्यास प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील व शेवटीं आयोगाकडे जातां येतें. पावती नसेल तर यांपैकीं कांहींच चालत नाहीं. आमच्या खात्यांतील माणसें वाईट नसतात. पण ज्या कागदास क्रमांक नाहीं तो ढिगाच्या तळाशीं जातो, हा कचेरीचा स्वभाव आहे.

शेवटची गोष्ट पैसे प्रत्यक्ष हातीं येण्याची. शिष्यवृत्तीची रक्कम मुलाच्या आधारशीं जोडलेल्या खात्यांत जाते. अर्जांत दुसऱ्या खात्याचा क्रमांक लिहिला असला तरी जोडणी जेथें आहे तेथेंच ती पडते. एखाद्या मुलाचीं दोन-तीन खातीं असलीं कीं पैसे आले असूनहि घरचे ‘आले नाहींत’ म्हणत बसतात. बँकेंत जाऊन कोणतें खातें जोडलेलें आहे हें एकदां विचारून घ्यावें. दर वर्षीं अर्जाचें नूतनीकरण करावें लागतें, पहिल्या वर्षीं मंजूर झाला म्हणून पुढें आपोआप चालत नाहीं. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या कारकुनाकडून पुढें गेला किंवा नाहीं, हें आठ दिवसांनीं मुलानें स्वतः पाहावें, आणि तेथेंच अडकला असेल तर अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून वडिलांनीं त्याच्यासह प्राचार्यांची गांठ घ्यावी.